आटत्या नदीचं पाणी मोजायला शिकताना

एका कोरड्या हंगामात माझ्या वहीत ओढ्याची पातळी सलग नऊ दिवस चढत गेली. पावसाचा थेंब नाही, वरच्या अंगाला धरण नाही, तरी मोजपट्टीवर रोज थोडं थोडं जास्त पाणी. मी खुशीत होते. दहाव्या दिवशी सहज प्रवाहाच्या दिशेनं खाली चालत गेले, तर पन्नासेक पावलांवर कुणीतरी गोटे रचून, फटी चिखलानं लिंपून छोटा बांध घातलेला. वरच्या डोहात पाणी तुंबत होतं आणि बांधाखालची धार आधीपेक्षा बारीक झाली होती. नऊ दिवस मी चढती पातळी लिहीत होते आणि त्याच नऊ दिवसांत ओढा आटत होता.

हा लेख त्या नऊ दिवसांसाठी आहे. नदी भरून वाहते तेव्हा मोजणीत थोडं इकडेतिकडे झालं तरी चालून जातं. पाणी घोटाभर उरतं तेव्हा मात्र एका सेंटिमीटरची चूक अख्खी नोंद फिरवते. आणि कुणाला किती पाणी उपसता येईल, मासे तगतील का, हे प्रश्न नेमके त्याच दिवसांत येतात.

## १. पातळी आणि विसर्ग यांची गल्लत करू नका

पातळी म्हणजे एका ठरलेल्या खुणेपासून पाण्याच्या पृष्ठभागाची उंची. विसर्ग म्हणजे नदीच्या आडव्या छेदातून दर सेकंदाला पुढे जाणारं पाणी. मोठ्या नद्यांचा विसर्ग घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे क्युमेकमध्ये सांगतात. जुन्या नोंदींत क्युसेक भेटतो. १ क्युसेक म्हणजे सुमारे २८.३ लिटर प्रतिसेकंद आणि १ क्युमेक म्हणजे १,००० लिटर प्रतिसेकंद. आटत्या ओढ्यासाठी सरळ लिटर प्रतिसेकंदच वापरा, नाहीतर दशांशचिन्हापुढच्या शून्यांत हरवून जाल.

पातळी म्हणजे खोलीही नव्हे. जर्मनीत ऱ्हाइन नदीवर काउब इथलं मोजकेंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये २५ सेंटिमीटरपर्यंत उतरलं होतं. ते वाचून नदीत वीतभरच पाणी उरलं असं अनेकांना वाटलं. पण तिथल्या मोजपट्टीचं शून्य जहाजांच्या वाटेच्या तळाशी नाही, त्याच्या बरंच वर आहे. वाटेत प्रत्यक्ष पाणी मीटरभराहून जास्त होतं. तुमच्या मोजपट्टीचं शून्यही असंच मनमानी असणार आणि त्यात वावगं काही नाही. फक्त ते हलता कामा नये.

## २. जागा शोधण्यात घाई नको

मोजपट्टी लावायला शांत डोह हवा आणि त्याच्या लगेच खाली खडकाचा किंवा घट्ट बसलेल्या गोट्यांचा उंबरठा हवा, ज्यावरून पाणी ओसंडून खळाळत खाली जातं. डोहाची पातळी हा उंबरठा ठरवतो. तो पक्का असेल तर पातळी आणि विसर्ग यांचं नातं टिकतं. वाळूचा असेल तर आठवड्यात बदलतं.

विसर्ग मोजायची जागा वेगळी असली तरी चालते. तिथे पात्र सरळ हवं, पाणी एकाच दिशेनं वाहणारं हवं, मधे भोवरा किंवा मोठा धोंडा नको. मात्र या दोन जागांच्या मधे कुठला ओहोळ येऊन मिळत नाही ना, कुणाचा पंप पाणी ओढत नाही ना, हे पायी चालून बघा. नकाशावर पंप दिसत नाहीत.

एक गोष्ट नवख्यांच्या हमखास लक्षात येत नाही. वाळू-गोट्यांच्या पात्रात थोडं पाणी पृष्ठभागाखालून, वाळूतून सरकत असतं. एखाद्या जागी ओढा कोरडा आणि दोनशे मीटर खाली पुन्हा वाहता, असं दिसतं ते यामुळे. म्हणून जमेल तिथे खडक वर आलेली जागा निवडा. तिथे खालच्या पाण्यालाही वर यावं लागतं.

काम सुरू करण्याआधी काठाच्या जमिनीचा मालक आणि नदीवर अधिकार असलेलं खातं, दोघांची परवानगी घ्या. पात्रात खांब रोवणं किंवा आडवी फळी लावणं याला बहुतेक ठिकाणी लेखी परवानगी लागते.

## ३. सोबत काय हवं

- सेंटिमीटरच्या खुणा असलेली उभी मोजपट्टी, जमल्यास एनॅमलची. लाकडावर रंगवलेले आकडे एका हंगामात उडतात.
- न ताणणारी मापनटेप, खोलीसाठी कडक पट्टी, दोरी आणि दोन खुंट्या
- स्टॉपवॉच, मोबाइलमधलं चालतं
- कडेला मापाच्या खुणा असलेली बादली
- पाण्यावर जेमतेम तरंगणारी वस्तू. संत्रं उत्तम: बरंचसं बुडून राहतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही, आणि लांबून दिसतं.
- साधी पाणसळ, म्हणजे पारदर्शक नळीत पाणी भरून समपातळी बघायचं साधन
- वही आणि पेन्सिल. शाईचं पेन नको. ओल्या हातांनी एकदा पान उलटलं की दिवसाची नोंद गेली.

कागदपत्रांत तीनच गोष्टी ठेवा: परवानगीची प्रत, जागेचं अक्षांश-रेखांशासह वर्णन, आणि एकाच ठिकाणी उभं राहून वर आणि खाली अशा दोन्ही दिशांना काढलेले फोटो. वर्षभरानंतर त्या फोटोंइतकं कामाचं दुसरं काही नसतं.

## ४. मोजपट्टी बसवा आणि तिला साक्षीदार ठेवा

पट्टी उभी, ओळंब्यात आणि डोहातल्या सर्वांत खोल भागाजवळ लावा. काठाला लावलेली पट्टी पाणी ओसरताच कोरडी पडते. मग माणूस अंदाजानं आकडा लिहू लागतो.

पट्टी लावली की लगेच काठावरच्या न हलणाऱ्या खडकावर किंवा पुलाच्या दगडावर छिन्नीनं खूण करा. हा तुमचा बेंचमार्क. त्या खुणेपासून पट्टीचं शून्य किती खाली आहे, ते पाणसळीनं मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. गुरांनी पट्टीला अंग घासलं, कुणी तिला नाव बांधली, खांब दोन सेंटिमीटर बसला, तर बेंचमार्कशिवाय तुम्हाला ते कधीच कळणार नाही.

कमी पाण्याच्या खुणा जपण्याची माणसाची सवय जुनी आहे. चेकियात एल्बे नदीच्या पात्रात देचीन इथे एक खडक आहे. पाणी फारच खाली गेलं की तो उघडा पडतो. त्यावर त्या त्या दुष्काळातल्या पातळीच्या रेघा कोरलेल्या आहेत आणि वाचता येणारं सर्वांत जुनं साल १६१६ आहे. अशा दगडांना तिकडे भुकेचे दगड म्हणतात. चारशे वर्षांपूर्वीची रेघ आजही वाचता येते, कारण ती न हलणाऱ्या खडकावर मारलेली आहे.

पट्टी वाचताना डोळे पाण्याच्या जवळ न्या, उभ्यानं वाकून वाचू नका. पट्टीला चिकटून पाणी किंचित वर चढतं. ती कड सोडा आणि सपाट पाण्याची रेघ वाचा. आधी पट्टीला अडकलेलं पान, शेवाळाचा झुबका काढा, मिनिटभर थांबा, मग वाचा.

## ५. प्रवाह थांबतो ती पातळी शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते, कोरड्या दिवसांत दुसरं काही जमलं नाही तरी हे करा.

समजा, पट्टीवर ४६ सेंटिमीटर दिसतात. आता खालच्या उंबरठ्यावर जा आणि पाणी जिथून ओसंडतं त्या रेषेवर खोलीची कडक पट्टी टेकवत टेकवत सर्वांत खोल फट शोधा. तिथे ९ सेंटिमीटर पाणी आहे. ४६ मधून ९ गेले, ३७ उरले. म्हणजे पट्टीवर ३७ दिसतील त्या दिवशी नदी वाहायची थांबेल. डोहात तेव्हाही भरपूर पाणी दिसेल, मासे फिरत असतील, पण खाली थेंब जाणार नाही.

आता गंमत बघा. पट्टी ४६ वरून ४२ वर आली, तर वहीत ही घट जेमतेम नऊ टक्के दिसते. पण उंबरठ्यावरचं पाणी ९ वरून ५ सेंटिमीटरवर आलं आणि विसर्ग निम्म्याहूनही खाली गेला. कारण पाण्याची जाडी कमी होताना वेगही घटतो आणि रुंदीही आक्रसते. ३७ हा आकडा हाताशी नसेल तर ४२ वाचून तुम्ही निवांत राहाल.

उंबरठ्यावर झाडाची फांदी अडकली, शेवाळ माजलं, किंवा माझ्या ओढ्यासारखा कुणाचा बांध आडवा आला, तर हा आकडाही बदलतो. म्हणून प्रत्येक फेरीत आधी उंबरठा बघायचा आणि मगच पट्टी वाचायची. अडथळा दिसला तर आधी तशीच पातळी लिहा. तो काढायला हरकत नसेल तर काढा, पाणी स्थिरावू द्या, नंतरची पातळी लिहा. दोन्ही नोंदी हव्यात.

## ६. विसर्ग मोजा, पण पाणी बघून पद्धत निवडा

बारीक धार असेल तर बादली. पाणी कुठेतरी एका धारेत पडत असेल, मोरीच्या पाइपातून किंवा खडकाच्या कडेवरून, तर याहून खात्रीची पद्धत नाही. १० लिटरची बादली साडेबारा सेकंदांत भरली, तर विसर्ग ०.८ लिटर प्रतिसेकंद. क्षुल्लक वाटतो, पण दिवसाला ते ६९,००० लिटरहून जास्त होतं. किमान पाच वेळा भरा आणि सरासरी घ्या. बादली तीन-चार सेकंदांतच भरत असेल तर मोठं भांडं घ्या, कारण घड्याळ दाबण्यात अर्धा सेकंद इकडेतिकडे होतोच. कडेनं निसटणारं पाणी मातीनं लिंपून धारेत वळवा.

गुडघ्याखालचं पाणी असेल तर तरंगतं संत्रं. सरळ पट्ट्यात १० मीटर मोजून दोन दोऱ्या आडव्या ताणा. संत्रं वरच्या दोरीच्या थोडं आधी सोडा, म्हणजे दोरीखाली येईपर्यंत त्यानं प्रवाहाचा वेग घेतलेला असतो. मधून, डावीकडून, उजवीकडून सोडून बघा. माझ्या एका फेरीत ४१, ३८, ४४, ३९ आणि ४३ सेकंद आले, सरासरी ४१. म्हणजे पृष्ठभागावरचा वेग सेकंदाला ०.२४ मीटर.

आता छेद मोजा. पात्र १.८ मीटर रुंद होतं. दर ३० सेंटिमीटरवर खोली मोजली: काठावर ०, मग ६, ११, १४, १२, ७ आणि पुन्हा काठावर ०. बेरीज ५० सेंटिमीटर, म्हणजे ०.५ मीटर. तिला ०.३ नं गुणलं की ०.१५ चौरस मीटर. हे एकाच छेदाचं झालं. पट्ट्यात अशा दोन-तीन जागी मोजून सरासरी घ्यावी. वेग गुणिले क्षेत्रफळ सेकंदाला सुमारे ३७ लिटर. पण थांबा. तळाशी आणि काठाशी पाणी घासून हळू चालतं, म्हणून पृष्ठभागाच्या वेगाला गोटाळ तळासाठी ०.८ नं आणि गुळगुळीत चिखलाच्या तळासाठी ०.९ नं गुणतात. माझा तळ गोट्यांचा होता, म्हणून २९ लिटर. हे गुणणं विसरणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. त्यानं नदी कागदावर पाव हिश्शानं फुगते.

वेगमापक असेल तर. फिरत्या पंख्याचा असो की ध्वनिलहरींचा, पात्राचे वीस ते तीस उभे भाग करा आणि कुठल्याच एका भागातून एकूण पाण्याच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. पाच टक्के असेल तर छान. ओढा अगदी अरुंद असेल तर भाग कमी होतील, ते मान्य करा. उथळ पाण्यात मापक पृष्ठभागापासून खाली खोलीच्या ०.६ वर धरायचा, तळापासून नव्हे. पंख्याचे मापक मंद पाण्यात अडखळतात. पंखा थबकत असेल तर पात्राचा अरुंद, वेगवान भाग शोधा, किंवा बादलीकडे वळा. आणि स्वतः छेदाच्या खालच्या बाजूला, थोडं कडेला उभे राहा. तुमच्या पायांनीच पाणी अडत असेल तर ते मापन तुमच्या पायांचं होतं.

रोज मोजायचं असेल तर त्रिकोणी खाच. काटकोनी व्ही-नॉच असलेला पत्रा ओढ्यात आडवा बसवला की फक्त उंची वाचून विसर्ग मिळतो. खाचेच्या टोकापासून वर पाण्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचा २.५ घात काढा, १.३८ नं गुणा, उत्तर घनमीटर प्रतिसेकंद. १० सेंटिमीटर उंचीला साधारण ४.४ लिटर, २० सेंटिमीटरला २४.७ लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पट! म्हणून इथे मिलिमीटरपर्यंत वाचावं लागतं. उंची खाचेवर मोजू नका, तिथे पाणी उतरतं असतं. उंचीच्या किमान चौपट अंतर मागे जाऊन मोजा. पाणी पत्र्यापासून सुटून पडलं पाहिजे. पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीला धार पत्र्याला चिकटते आणि सूत्र फसतं. तेव्हा त्याच धारेखाली बादली धरा.

पद्धत कुठलीही असो, विसर्ग मोजायच्या आधी आणि नंतर पट्टी वाचा. अशा दहा-बारा जोड्या वेगवेगळ्या पातळ्यांवर जमल्या की आलेखावर त्यांची वक्ररेषा काढता येते आणि मग पट्टी वाचून विसर्ग सांगता येतो. पण रेषेच्या खालच्या टोकाला प्रत्यक्ष मोजलेले बिंदू हवेत. भरल्या पाण्यात काढलेली रेषा खाली तशीच ओढत नेली तर आटत्या नदीबद्दल ती हमखास चुकीचं सांगते.

## ७. वेळ पाळा

काठावरची झाडं दिवसा जमिनीतलं पाणी शोषतात. त्यामुळे ढगसुद्धा नसताना लहान ओढ्याचं पाणी दुपारनंतर उतरतं आणि रात्री पुन्हा सावरतं. एक दिवस सकाळी सहाला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला मोजलंत, तर झाडांचं पिणं हे दुष्काळाचं ओसरणं म्हणून नोंदलं जाईल. सकाळची एक वेळ ठरवा. हंगामात एकदा चोवीस तास दर तासाला पट्टी वाचून बघा. जागरण होतं, पण आपल्या ओढ्याची नाडी कळते. उतार एकदम, पायरीसारखा असेल आणि ठरावीक तासाला येत असेल, तर ते झाड नाही, वरचा पंप आहे.

वरती धरण असेल तर कोरड्या दिवसांतही पाणी अचानक सुटू शकतं. सोडण्याच्या वेळा विचारून घ्या आणि एकटे पात्रात उतरू नका. साचलेल्या डबक्यावर रंग सांडल्यासारखी हिरवी-निळी साय दिसली तर हात घालू नका. ती विषारी असू शकते.

## ८. पाणी थांबलं तरी वही थांबवू नका

“आज पाणी नव्हतं, म्हणून गेलो नाही.” अशानं वहीत रिकामी जागा राहते. नंतर वाचणाऱ्याला ती नदी कोरडी होती की माणूस आजारी होता, हे कळत नाही. शून्य लिहा. आणि शून्याचेही प्रकार आहेत. झ्युरिक विद्यापीठाच्या क्राउडवॉटर प्रकल्पात सामान्य लोक मोबाइलवर नोंदी करतात. तिथे अशा ओढ्यांसाठी सहा अवस्था आहेत: कोरडं पात्र, ओलसर पात्र, सुटी डबकी, साचलेलं पाणी, ठिबकती धार आणि वाहतं पाणी. याला एकही उपकरण लागत नाही. डबकी असतील तर ती मोजा आणि सर्वांत खोल डबक्याची खोली लिहा. पुढचा पाऊस येईपर्यंत नदीतले जीव त्यांतच तगून असतात.

## ९. स्वयंचलित यंत्र लावणार असाल तर

दाबावर चालणारा लॉगर, म्हणजे पाण्याचा दाब मोजून पातळी आपोआप नोंदवणारं यंत्र, डोहात, प्रवाह थांबतो त्या पातळीच्याही बराच खाली ठेवा, नाहीतर हंगामाच्या मध्यावर तो हवेत लटकेल आणि आकडे देतच राहील. बरेच लॉगर पाण्यासोबत हवेचा दाबही मोजतात. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलनं बदलला तर पाणी सुमारे १ सेंटिमीटरनं हलल्यासारखं दिसतं. पुरात हे जाणवतही नाही. उंबरठ्यावर पाचच सेंटिमीटर पाणी असताना याच एका कारणानं नोंद निरुपयोगी होते. हवेचा दाब मोजणारा दुसरा लॉगर काठावर सावलीत ठेवा आणि एकाचा आकडा दुसऱ्यातून वजा करा. यंत्र असलं तरी दर फेरीत पट्टी डोळ्यांनी वाचून शेजारी लिहायची.

## १०. जमलेले आकडे वाचा

पाऊस नसताना नदीत येतं ते जमिनीतून पाझरणारं पाणी, आणि ते बऱ्यापैकी शिस्तीत ओसरतं. १९०५ मध्ये फ्रान्सच्या एदमाँ मायेनं ते सूत्रात मांडलं. व्यवहारात त्याचा अर्थ सोपा आहे: ठरावीक दिवसांत पाणी निम्मं होतं. ४० लिटरचे २० व्हायला २४ दिवस लागले असतील, तर २० चे १० व्हायलाही साधारण तेवढेच लागावेत. तुमचा ओढा या चालीपेक्षा भराभर उतरला तर वर कुठेतरी उपसा वाढला असेल. फारच सावकाश उतरला तर कुठूनतरी सांडपाणी किंवा कालव्याची गळती येत असेल. चालत वर जा आणि शोधा.

सरकारी मोजकेंद्राचे आकडे मिळत असतील तर शेजारी ठेवा, पण ताज्या आकड्यांवर ‘तात्पुरते’ असा शेरा असतो तो वाचा. तपासणीनंतर ते बदलू शकतात.

पहिला मोठा पाऊस येण्याआधी खाचेचा पत्रा आणि लॉगर काढून घ्या. पट्टी राहू द्या. पूर ओसरल्यावर बेंचमार्कपासून ती पुन्हा तपासा आणि उंबरठ्यावरची सर्वांत खोल फट पुन्हा मोजा. गोटे सरकलेले असतील, ३७ चे कदाचित ४१ झालेले असतील. तो नवा आकडा तारखेसह पहिल्या पानावर लिहा, जुना खोडू नका.